ऑब्सिडियन क्लिफ : काचेच्या कड्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातला हा काळा कडा पाहून आलेले प्रवासी, पुरातत्त्वाचे विद्यार्थी आणि दगड जमवणारे हौशी लोक यांच्याकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, अडचणीचे शेवटाकडे. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागली तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ऑब्सिडियन क्लिफ म्हणजे नेमकं काय? कुठे आहे?

वायोमिंग राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, यलोस्टोनमधल्या मॅमथ हॉट स्प्रिंग्जकडून नॉरिसकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून हा कडा आहे. मॅमथपासून सुमारे २१ किमी, नॉरिसपासून सुमारे १३ किमी. समुद्रसपाटीपासून उंची साधारण २,२५० मीटर, आणि कडा स्वतः ४५ ते ६० मीटर उंच. तो ऑब्सिडियनचा, म्हणजे ज्वालामुखीतून निघालेल्या नैसर्गिक काचेचा आहे.

रस्त्यावरून दिसते ती लाव्हाच्या एका मोठ्या थराची फक्त कड. त्यामागचे पठारही त्याच लाव्हाचे आहे. राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून १९९६ मध्ये संरक्षित केलेले क्षेत्र सुमारे १४.५ चौरस किमी भरते. माणसांनी काच खणून काढली ती बहुतेक या पठारावर. रस्त्यावरून त्याचा पत्ताही लागत नाही.

२. लाव्हा थंड होऊन दगड होतो. मग इथे काच कशी झाली?

दगड होण्यासाठी लाव्हातल्या अणूंना सरकून स्फटिकांत मांडून घ्यायला वेळ आणि मोकळीक लागते. इथला लाव्हा रायोलाइट प्रकारचा, म्हणजे पाऊण हिश्शाहून अधिक सिलिका असलेला. एवढी सिलिका असली की लाव्हा घट्ट पाकासारखा चिकट होतो. त्यात पाण्याचा अंशही अगदी थोडा उरला होता, त्यामुळे चिकटपणा आणखी वाढला. अणू हलू शकले नाहीत, वितळलेल्या अवस्थेतल्या विस्कळीत रचनेतच गोठले. अशा विस्कळीत घनालाच आपण काच म्हणतो.

‘एकदम पाण्यात पडून थंड झाला म्हणून काच झाली’ असे स्पष्टीकरण बरेचदा वाचायला मिळते. ते अपुरे आहे. लवकर थंड होणे मदत करते, पण इतक्या जाड थराची काच व्हायला मुख्य कारण चिकटपणा. पातळ बेसॉल्ट लाव्हा पाण्यात पडला तरी काच होते ती फक्त वरच्या सालीची (प्रश्न १५ पाहा).

रंग काळा दिसतो तो लोहाच्या संयुगांच्या अतिसूक्ष्म कणांमुळे. लोहाचे ऑक्सिडीकरण झालेल्या ठिकाणी तीच काच तपकिरी किंवा विटकरी दिसते.

३. कडा किती जुना आहे? वेगवेगळे आकडे वाचायला मिळतात.

माहितीफलकांवर आणि पुस्तकांत बहुधा १,८०,००० वर्षे हा आकडा असतो. नव्या मापनांनी तो बराच खाली, लाख वर्षांच्या जवळ आणला आहे. म्हणून जुन्या-नव्या लिखाणात फरक दिसतो. दोन्ही आकड्यांनी एक गोष्ट बदलत नाही : यलोस्टोनचा शेवटचा महास्फोट सुमारे ६,४०,००० वर्षांपूर्वीचा, आणि हा लाव्हा त्यानंतर फार उशिरा, त्या महास्फोटाने पडलेल्या महाविवराच्या बाहेर उत्तरेला, स्फोट न होता संथपणे वाहून आलेला आहे.

भूशास्त्राच्या हिशेबात हे वय कोवळेच. काच कायम काच राहत नाही. हळूहळू पाणी शोषते आणि तिच्यात स्फटिक वाढू लागतात. म्हणून कोट्यवधी वर्षे जुने, चांगल्या प्रतीचे ऑब्सिडियन जगात फार विरळा सापडते.

४. कड्यावर उभे खांब आणि काचेत राखाडी ठिपके दिसतात. ते काय आहे?

खांब थंड होताना आकसल्याने पडलेल्या भेगांचे. मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला बेसॉल्टचे जसे खांब आहेत तशीच क्रिया, फक्त इथे ती काचेत झाली आहे, आणि काचेत असे खांब होणे दुर्मिळ आहे. ते कड्याच्या खालच्या, घट्ट काळ्या भागात ठळक दिसतात. वर जावे तशी काच पोकळ, फुगीर आणि ठिसूळ होत जाते.

ठिपके म्हणजे स्फेरुलाइट : काचेत एका बिंदूभोवती किरणांसारखे वाढलेले फेल्डस्पार आणि सिलिकेचे बारीक स्फटिक. काही खसखशीएवढे, काही वाटाण्याएवढे. काही ठिकाणी त्यांच्या जागी पाकळ्यांसारखे पडदे असलेली पोकळी असते. भूशास्त्रज्ञ जोसेफ इडिंग्ज यांनी १८८८ मध्ये या पोकळ्यांचे बारकाईने वर्णन केले. त्यांत मधाच्या रंगाचे फायालाइट खनिजाचे इवले स्फटिकही त्यांना मिळाले. पाहणाऱ्याला हे सुंदर वाटते. हत्यार घडवणाऱ्याच्या दृष्टीने मात्र हीच खोट, कारण फुटणारी भेग तिथे पोचली की वाकडी होते.

५. हत्यारांसाठी याच दगडाला एवढी मागणी का?

ऑब्सिडियनला आत पदर नाहीत, कण नाहीत, रेघ नाही. ठोका जसा द्याल तशी भेग जाते, लाकडासारखी स्वतःच्या रेषेने फाटत नाही. तुटलेला पृष्ठभाग शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा, गोलाकार लाटांचा होतो. याला शंखाभ भंजन म्हणतात. गार, चर्ट, अकीक हेही असेच फुटतात, पण ऑब्सिडियन सर्वांत कमी जोरात आणि सर्वांत अचूक फुटते.

यलोस्टोनच्या परिसरात ऑब्सिडियनच्या इतरही जागा आहेत. या कड्याचे वैशिष्ट्य म्हणजे एकाच ठिकाणी भरपूर, एकसारखी, ठिपके नसलेली काच मोठ्या गोळ्यांत मिळणे. छोटा गोळा कितीही चांगला असला तरी त्यातून वीतभर भाल्याचे टोक निघत नाही.

६. इथे माणसं कधीपासून येत होती? कोण होती ती?

किमान ११,००० वर्षांपासून. क्लोविस पद्धतीचे, या कड्याच्या काचेचे एक टोक उद्यानाच्या उत्तर सीमेवरच्या गार्डिनर गावात १९५९ मध्ये टपाल कार्यालयाचे बांधकाम सुरू असताना मिळाले. क्लोविस टोके उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या ओळखीच्या हत्यारांपैकी आहेत. त्याच्या फार आधी इथे येणे शक्यच नव्हते, कारण हिमयुगात यलोस्टोनच्या पठारावर हजार मीटरहून जाड बर्फ होता आणि तो साधारण १४ ते १५ हजार वर्षांपूर्वी ओसरला.

त्यानंतर सलग वापर आहे, थेट धातूची हत्यारे रुळेपर्यंत. हे काम एकाच जमातीचे नव्हे. डोंगरी मेंढ्यांची शिकार करणारे तुकुडिका शोशोनी या परिसरात राहत, आणि इतर अनेक समाजांचे लोक हंगामात येऊन काच नेत. आज २७ आदिवासी राष्ट्रांचा यलोस्टोनशी परंपरेचा संबंध मानला जातो. त्यांच्यापैकी अनेकांसाठी ही जागा अजूनही श्रद्धेची आहे. ‘लुप्त झालेल्या लोकांची खाण’ असे तिचे वर्णन टाळावे. त्यांचे वंशज आहेत आणि या जागेबद्दल बोलतातही.

७. काच काढत कशी? कड्यावरून तोडत होते का?

क्वचितच. उघड्यावर ऊन, बर्फ, पाऊस खाल्लेल्या काचेत बारीक भेगा पडलेल्या असतात. ठोका दिला की ती भलतीकडेच फुटते. जमिनीत दडलेली काच ताजी असते. म्हणून लोक पठारावर खड्डे आणि चर खणून मातीतले गोळे आणि खालच्या थरातले तुकडे काढत.

१९८८ च्या प्रचंड वणव्यांत पठारावरचे रान जळाले आणि झुडपांखाली झाकलेले हे खड्डे उघडे पडले. त्यानंतर मोंटाना स्टेट विद्यापीठाच्या लेस्ली डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी पाहणी केली तेव्हा खणकामाच्या जागा डझनांनी नोंदल्या गेल्या. आजूबाजूला फोडकामाचा कचरा पडलेला होता, आणि बहुतेक तो पहिल्या टप्प्याचाच. घडाई पूर्ण तिथे होत नसे. का, ते पुढच्या उत्तरात.

८. गोळ्यापासून हत्यारापर्यंतचे टप्पे कोणते?

आधी पारख. गोळ्यावर गोट्याने हलका ठोका द्यायचा. घट्ट काच खणखणीत वाजते, भेगाळलेली बद्द वाजते. मग एका कडेचा टवका काढून आतली काच पाहायची. राखाडी ठिपक्यांच्या रांगा दिसल्या की गोळा तिथेच टाकायचा. असे एकच टवका उडवलेले गोळे खाणीवर पुष्कळ दिसतात.

दुसरा टप्पा वजन कमी करण्याचा. गोट्याने मोठे छिलके काढत खडबडीत साल उतरवायची आणि दोन्ही बाजूंनी घडलेला, पानाच्या आकाराचा जाडसर तुकडा करायचा. किंवा चांगला मोठा छिलकाच उचलायचा. हा अर्धवट माल घेऊन लोक जात. पाठीवर मैलोन्‌मैल ओझे न्यायचे असताना कचरा कोण वाहील? शिवाय पातळ, तयार धार वाटेत मोडते, जाड तुकडा मोडत नाही.

तिसऱ्या टप्प्यात गोटा बाजूला आणि एल्क हरणाच्या शिंगाचा दांडका हातात. शिंग दगडापेक्षा मऊ, त्यामुळे ते कडेला क्षणभर पकडते आणि लांब, पातळ छिलका सोलून काढते. प्रत्येक ठोक्याआधी कडेवर खरखरीत दगड घासून ती बोथट करावी लागते. नवशिक्याला हे उलटे वाटते, पण धारदार कडेवर ठोका दिला की ती तिथेच चुरते आणि जोर आत जातच नाही.

शेवटी दाबकाम. तुकडा तळहातावर कातड्याच्या घडीत धरायचा, शिंगाचे टोक कडेवर टेकवायचे, आधी आत दाबायचे आणि मग खाली रेटायचे. चटकन एक इवला छिलका सुटतो. असे शेकडो दाब दिले की टोकाला आकार, धार आणि दांड्याला बांधण्यासाठी खाचा मिळतात.

बिघडते ते बहुतेक दोन ठिकाणी. ठोका कमी पडला तर भेग अर्ध्यावर थांबून पायरीसारखी उभी तुटते. पुढचा प्रत्येक छिलका त्याच पायरीवर अडकतो आणि तिथे कुबड तयार होते. आणि दुसऱ्या टोकाला नीट आधार नसेल तर हादऱ्याने तुकड्याचे सरळ दोन भाग होतात. खाणींवर सापडणारी बरीचशी ‘हत्यारे’ अशीच, करताना मोडलेली आहेत.

९. ऑब्सिडियनची धार स्टीलपेक्षा तीक्ष्ण असते हे खरं का?

हो, ताज्या धारेबद्दल खरे. भेग जिथे संपते तिथे काचेची कड काही नॅनोमीटर इतकी पातळ असू शकते; स्टीलचे पाते कितीही घासले तरी त्याला कणांची करवती उरतेच. पण ही धार ठिसूळ आहे. मांस आणि कातडे ती सहज कापते. हाडावर आपटली, पिरगाळली की टवके उडतात. म्हणून सुरी, तासणी, भाल्याचे टोक यांसाठी ऑब्सिडियन, आणि झाड तोडायला, हाड फोडायला चिवट दगड अशी विभागणी सगळीकडे दिसते. काठिण्य ५ ते ५.५, म्हणजे गारेपेक्षा कमी.

१०. ही काच ओहायोपर्यंत गेली होती म्हणतात. कशी गेली?

गेली हे नक्की. ओहायोतल्या होपवेल परंपरेच्या लोकांनी मातीची रचलेल्या टेकाडांत (सुमारे इ.स.पू. २०० ते इ.स. ५००) ऑब्सिडियनची मोठमोठी, समारंभासाठी घडवलेली पाती सापडली. होपवेल याच नावाच्या स्थळावरच्या, वॉरन मूरहेड यांच्या १८९१–९२ च्या उत्खननातला संग्रह शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहे. पुढे हेन्री शेट्रोन यांना १९२० च्या दशकात त्याच स्थळावरच्या ११ क्रमांकाच्या टेकाडात सुमारे १३६ किलो ऑब्सिडियनचा फोडकामाचा कचरा एका जागी मिळाला. कड्यापासून हे अंतर सरळ रेषेत २,३०० किमीच्या पुढे, म्हणजे आपल्याकडे मुंबईपासून दिब्रुगड गाठण्यासारखे.

कशी गेली यावर दोन मते आहेत. एक मत असे की हातोहात, देवाणघेवाणीतून सरकत गेली. दुसरे, पुरातत्त्वज्ञ जेम्स ग्रिफिन यांनी मांडलेले : सगळा साठा थोड्याशा, कदाचित एकाच मोठ्या प्रवासात आणला गेला असावा. देवाणघेवाण असती तर वाटेत ठिकठिकाणी काच झिरपली असती आणि उगमापासून दूर जाताना प्रमाण हळूहळू घटले असते. इथे तसे होत नाही. मधल्या प्रदेशात थोडे तुकडे आहेत आणि दूर ओहायोत एकदम ढीग. ओहायोच्या साठ्यापुरते आम्हाला दुसरे मत जास्त पटते. पण इलिनॉय, आयोवा, विस्कॉन्सिनमधल्या सुट्या तुकड्यांचे उत्तर त्याने मिळत नाही, तिथे देवाणघेवाण मानावीच लागते.

होपवेल लोकांचे ऑब्सिडियन सगळे याच कड्याचे नाही. त्यातला काही भाग आयडाहोतल्या बेअर गल्चचा आहे. हे कसे ओळखले ते पुढे.

११. एक काळा तुकडा याच कड्याचा आहे, हे कशावरून ठरतं?

डोळ्यांनी ठरत नाही. रंग, चमक, पट्टे हे सगळे एका कड्यात बदलते आणि दोन कड्यांत सारखेही असते. ‘मी पाहूनच सांगतो’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

ठरते ते रसायनावरून. प्रत्येक लाव्हा प्रवाहात सूक्ष्म प्रमाणातली मूलद्रव्ये ठरावीक असतात आणि प्रवाहभर जवळजवळ एकसारखी पसरलेली असतात. रुबिडियम, स्ट्रॉन्शियम, इट्रियम, झिर्कोनियम, नायोबियम ही नेहमीची पाच. या कड्याच्या काचेत रुबिडियम दशलक्ष भागांत सुमारे २४० आणि स्ट्रॉन्शियम १० पेक्षाही कमी. बेअर गल्चच्या काचेत स्ट्रॉन्शियम याच्या कित्येक पट असते, त्यामुळे दोन्ही चटकन वेगळ्या होतात. १९६० च्या दशकात ग्रिफिन आणि सहकाऱ्यांनी न्यूट्रॉन सक्रियण पद्धतीने ओहायोचा संबंध यलोस्टोनशी जोडला. आज बहुतेक काम क्ष-किरण प्रतिदीप्तीने, म्हणजे वस्तूवर क्ष-किरण सोडून तिच्यातून परत येणारे किरण मोजून होते. उपकरण हातात मावते, काही मिनिटांत आकडे मिळतात आणि वस्तूला ओरखडाही पडत नाही.

विद्यार्थ्यांनी तीन चुका टाळाव्यात. तुकडा फार लहान असेल (रुंदी १० मिमीहून कमी किंवा जाडी २ मिमीहून कमी) तर किरण आरपार जातात आणि आकडे घसरतात. माती नीट धुतली नसेल तर मातीतले स्ट्रॉन्शियम मोजले जाते. आणि एकाच मूलद्रव्यावर निर्णय देऊ नये; निदान दोन गुणोत्तरे आलेखावर मांडून गट पाहावा.

१२. मग हत्यार किती जुनं आहे हेही काचेवरूनच कळतं का?

अंदाज येतो. ताजी फुटलेली काच त्या क्षणापासून हवेतले आणि जमिनीतले पाणी शोषू लागते. त्याची एक पातळ साय बाहेरून आत सरकत जाते, काही मायक्रॉन जाडीची. अर्व्हिंग फ्रीडमन आणि रॉबर्ट स्मिथ यांनी १९६० मध्ये ही कालमापनाची पद्धत मांडली. हत्याराची पातळ चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली साय मोजतात. जाडी काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दुप्पट जाडीला चौपट काळ लागतो.

अडचण अशी की वेग तापमानावर, काचेच्या रसायनावर आणि तिच्यातल्या मूळ पाण्यावर अवलंबून आहे. उन्हात पडलेला आणि हातभर खोल पुरलेला असे एकाच दिवशी घडवलेले दोन तुकडे वेगवेगळे वय दाखवतात. शिवाय आग लागली की साय पुसट होते किंवा नाहीशी होते; म्हणजे ज्या १९८८ च्या वणव्याने खड्डे दाखवले त्यानेच पृष्ठभागावरच्या काही तुकड्यांचे घड्याळ बिघडवले. म्हणून या पद्धतीचा आकडा एकटा मानू नये. त्याच थरातल्या कोळशाचे कार्बन-१४ वय सोबत असेल तर त्याला अर्थ आहे.

१३. ‘काचेचा रस्ता’ आणि जिम ब्रिजरची गोष्ट खरी आहे का?

रस्त्याची खरी. उद्यानाचे दुसरे अधीक्षक फिलेटस नॉरिस यांनी १८७८ मध्ये कड्याच्या पायथ्यातून वाट काढली. पडलेल्या मोठ्या काचेच्या शिळांवर जाळ करून त्या तापवल्या आणि थंड पाणी ओतून तडकवल्या. काच उष्णतेचे असमान प्रसरण सहन करत नाही. गरम काचेच्या पेल्यात बर्फ टाकल्यावर होते तेच.

एकोणिसाव्या शतकातला वाटाड्या जिम ब्रिजर याची गोष्ट म्हणजे शेकोटीभोवतीची थाप : त्याने एल्कवर वारंवार गोळी झाडली, एल्क हललेच नाही, जवळ गेल्यावर कळले की मध्ये पारदर्शक काचेचा डोंगर आहे. कडा पारदर्शक नाही. नखाएवढ्या पातळ कडेतून धुरकट उजेड दिसतो, एवढेच.

१४. पाहायला जायचं असेल तर काय लक्षात ठेवावं? छोटासा तुकडा आणला तर चालतो का?

चालत नाही. उद्यानातून कोणताही दगड उचलणे गुन्हा आहे. ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तुकडा मानवनिर्मित असेल तर १९७९ चा पुरातत्त्व संरक्षण कायदाही लागतो आणि शिक्षा वाढते. ‘तिथे लाखो पडलेत, एकाने काय होतं?’ असे बरेच जण विचारतात. पुरातत्त्वाला एकटा छिलका काही सांगत नाही. तो कुठल्या खड्ड्याशेजारी, कुठल्या ढिगात, कशाच्या वर पडला होता ते सांगते. उचलला की ते संपते, आणि परत पाठवला तरी जागा परत येत नाही.

गाडी रस्त्याच्या कडेच्या थांब्यावर लावावी. तिथला दगडी माहितीमंडप १९३१ चा आहे आणि अमेरिकी राष्ट्रीय उद्यानांतल्या अशा सर्वांत जुन्या मंडपांपैकी तो एक. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी तो सावलीत काळाठिक्कर दिसतो. दुपारनंतर ऊन आल्यावर काच चमकते आणि खांब मोजता येतात. दुर्बीण असेल तर न्यावी. मोटारीसाठी हा रस्ता साधारण एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत खुला असतो. जाण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावर त्या दिवसाची स्थिती बघावी.

१५. महाराष्ट्र तर सगळा लाव्हाचा. मग इथे ऑब्सिडियन का नाही?

दख्खनचा लाव्हा बेसॉल्ट. त्यात सिलिका जेमतेम निम्मी, त्यामुळे तो पातळ, आणि स्फटिक लगेच धरतात (कारण प्रश्न २ मध्ये). शिवाय तो सुमारे ६.६ कोटी वर्षे जुना; थोडीफार काच झाली होती तिचीही बहुतेक माती झाली. पश्चिम भारतात सिलिकायुक्त लाव्हा काही ठिकाणी आहे, गुजरातेत पावागडला पिचस्टोन नावाची पाणी मुरलेली, डांबरी चमकेची काचही मिळते. पण हत्यारांच्या दर्जाची, कड्याएवढी काच नाही.

आपल्या पूर्वजांचे त्यावाचून अडले नाही. याच बेसॉल्टच्या पोकळ्यांत कॅल्सेडनी, अकीक, जास्पर साचले आणि नद्यांनी त्यांचे गोटे वाहून आणले. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला, डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले तिथे, ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची कॅल्सेडनीची लांबट, समांतर कडांची पाती मोठ्या संख्येने निघाली. ऑब्सिडियनपेक्षा हा दगड चिवट. फोडायला कष्ट जास्त, पण धार टिकाऊ. खंबातचे अकीक कारागीर दगड आधी तापवून मग लोखंडी सळईच्या टोकावर टेकवत शिंगाच्या हातोडीने फोडतात. छिलके काढण्याची विद्या प्रत्यक्ष पाहायची असेल तर अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही.

१६. सह्याद्रीत मला काळा, काचेसारखा दगड मिळाला. ऑब्सिडियनच असेल ना?

बहुधा नाही. पातळ कड बल्बच्या उजेडासमोर धरा. ऑब्सिडियनची कड धुरकट तपकिरी, अर्धपारदर्शक दिसते. बेसॉल्टची अजिबात नाही. मग चुंबक लावा आणि हातात तोला. चुंबक ओढला गेला आणि तुकडा आकाराच्या मानाने जड, आत गोल बुडबुडे असलेला असेल तर ती लोखंड गाळताना निघालेली धातुमळी. नागपूरजवळच्या नायकुंडला महापाषाणयुगीन लोहभट्टी मिळाली आहे, विदर्भ-कोकणात अशा मळीचे ढीग अनेक गावांत आहेत. मळीही पुरावाच आहे, म्हणून जागा नोंदवून ठेवा.

गारगोटीने ओरखडा पडत नसेल तर तो चर्ट किंवा जास्पर. फार स्वच्छ, हिरवट किंवा निळा तुकडा जुन्या बाटलीचा किंवा कारखान्याच्या काचेचा असतो. बाजारात ‘निळे ऑब्सिडियन’ म्हणून मिळणारे मणीही बहुतेक असेच, आणि ‘यलोस्टोनचे अस्सल’ म्हणून कोणी तुकडा विकत असेल तर आधी प्रश्न १४ वाचा.

१७. घरी छिलके काढून पाहता येतील का?

हो, आणि त्यासाठी ऑब्सिडियन लागत नाही. जाड बाटलीचे बूड पुरते, काच तशीच फुटते. लाकडी दांड्यात बसवलेला तांब्याचा जाड खिळा, चामड्याचा तुकडा, सहाणेसारखा खरखरीत दगड एवढे सामान. कड घासून बोथट करा आणि ती तुकड्याच्या जाडीच्या मध्यरेषेच्या किंचित खाली ठेवा. मध्यरेषेच्या वर दाबलात तर तुकडा मधोमध मोडेल. मग आधी आत, नंतर खाली.

डोळ्यांना गॉगल आणि तोंडाला धूळ अडवणारा मास्क हवाच. सिलिकेची बारीक धूळ फुप्फुसात कायमची बसते, म्हणून मोकळ्या हवेत, खाली ताडपत्री अंथरून बसा. अनवाणी नको. निघालेला सगळा कचरा तारीख लिहिलेल्या कागदासह डब्यात बंद करून टाका. उघड्यावर टाकला तर पायात जातोच, शिवाय नदीकाठी वा पुरातन स्थळाजवळ पडला तर पुढच्या संशोधकाची दिशाभूल होते.

१८. कड्याखाली पडलेली सगळी फुटकी काच माणसांनीच फोडलेली आहे का?

मुळीच नाही, आणि इथे जाणकारही चुकतात. थंडीत भेगांतले पाणी गोठून काच तडकते, वरून पडलेला तुकडा खालच्यावर आपटतो, वणव्यात काच फुटते. पायथ्याशी तर नॉरिसच्या जाळाने तडकवलेली आणि नंतरच्या रस्ताकामात चुरलेली काचही मिसळली आहे (प्रश्न १३).

माणसाच्या ठोक्याची खूण ताज्या छिलक्यावर अशी दिसते : एका टोकाला ठोका बसलेली इवली सपाट जागा, तिच्या लगेच खाली गुळगुळीत उंचवटा, आणि तिथून तलावातल्या तरंगांसारख्या पसरत गेलेल्या लाटा. पाठीकडे आधीच्या छिलक्यांचे त्याच दिशेने गेलेले ठसे. आगीने फुटलेल्या तुकड्यावर हे नसते. तिथे जाळीदार भेगा, खोलगट वाटीसारखे खळगे आणि कधी फेसासारखा फुगवटा असतो. बर्फाने तडकलेल्याला ठोक्याची जागाच नसते. एखाद्या पडलेल्या तुकड्यावर योगायोगाने या सगळ्या खुणा उमटू शकतात. म्हणून निर्णय एका छिलक्यावर न देता ढिगावर देतात : एकाच दिशेने, एकाच आकाराचे, जवळजवळ पडलेले पन्नास छिलके असतील आणि मध्ये त्यांचा गाभा किंवा मोडलेले अर्धवट पान असेल, तर तिथे कोणीतरी बसून काम केले होते.